वाक्याची भांडी

बाईंच्या घरात दूध कधी नुसतं उतू गेलं नाही. ते कोणीतरी उतू घालवलेलं असायचं. भाकरी करपली असं म्हणायची सोय नव्हती. "कप फुटला," असं मी एकदा म्हणाले, तर बाई चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत बसल्या. चष्म्याची एक काडी तुटलेली होती, तिच्या जागी दोरा लावून तो कानाला गुंडाळलेला असे.

"आपण होऊन फुटला? कंटाळला होता का?"

"माझ्या हातून फुटला."

"अजून नाही."

"मी फोडला."

"हां. आता काचा गोळा कर आणि दुसरा घे."

कप फोडल्याबद्दल त्या कधी रागावल्या नाहीत. कोणी फोडला ते न सांगण्याबद्दल रागावत.

हे मी नगरपासून फार लांब, कोळशाच्या खाणीजवळच्या दवाखान्यात बसून लिहिते आहे. इथे मराठी बोलणारं माणूस क्वचित भेटतं. माझी शाळा मराठी पाचवीत सुटली. बघा, बाई असत्या तर इथेच थांबवलं असतं. वडिलांनी मला शाळेतून काढलं. त्यामुळे लिहायला बसले की अजून भीती वाटते, की कोणीतरी वाचून म्हणेल, हिला कोणी सांगितलेत हे उद्योग. पण ज्यांच्यामुळे चार ओळी लिहिता येतात त्यांच्याबद्दल तरी लिहावं, म्हणून बसले.

माझं गाव शेवगावच्या बाजूचं. तेराव्या वर्षी लग्न झालं, म्हणजे माझ्या माणसांनी लावून दिलं. मूल झालं नाही. नवऱ्यानं दुसरी आणली. त्यानं मला मारलं नाही की हाकललं नाही. तो मुळात फार बोलतच नसे. पण एका चुलीवर दोघी, त्यातली एक नव्यानं आलेली, हे दिवस ज्या बाईनं काढलेत तिलाच कळतील. गावची एक बाई नगरच्या दवाखान्यात झाडूकामाला होती. तिच्याबरोबर निघाले आणि तिथे आया म्हणून लागले. आया म्हणजे लोकांची घाण काढणारी. घरी निरोप गेला तेव्हा भावानं सांगून पाठवलं, की दवाखान्यात हाय एवढंच सांगत जा, काय करती ते सांगू नको.

तिथे नर्सिंग शिकवत. शिकणाऱ्या मुली पांढऱ्या साडीत घाईघाईनं जायच्या-यायच्या आणि आम्ही भिंतीला चिकटून उभ्या राहायचो. लढाईमुळे जुन्या मडमबाई मायदेशी गेल्या होत्या. नव्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं. त्या म्हणाल्या, आयांपैकी कोणी हुशार असेल तर मी शिकवणीला घेईन, पण मी बोललेलं तिला कळलं पाहिजे आणि पेशंटचं काय झालं ते मला इंग्रजीत सांगता आलं पाहिजे. माझ्याबरोबर हुसेनबी नावाची आया होती, नगरच्याच पिंजाऱ्यांच्या घरातली. तिनं मला ओढतच बाईंकडे नेलं.

"फुकट शिकवती," वाटेत ती म्हणाली. "पर डोकं जरा सरकलेलं हाय. भ्यायचं न्हाई."

बाई मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. लहानपणीच विधवा झालेल्या, मग पुण्याला शिकलेल्या. नगरला एका बोळात दोन खोल्यांत एकट्या राहत. थंडी असो नसो, लुगड्यावर पुरुषी कोट. उन्हात काळी मोठी छत्री. बोळातून निघाल्या की भाजीवाली आधीच टोपली झाकायला लागे, कारण ती एकदा म्हणून गेली होती, "मेथी महागली बाई," आणि बाईंनी तिला अर्धा तास उभी करून विचारलं होतं, कोणी महाग केली. शेवटी तिनं घाबरून जुनाच भाव लावला होता.

वर्तमानपत्रावर तर त्यांचा दात होता. चळवळीचे दिवस होते. 'गर्दीवर लाठीमार करण्यात आला' असं छापून येई. बाई पेन्सिलीनं समासात लिहीत, 'पोलिसांनी केला'. 'तिघांना अटक झाली', समासात पुन्हा, 'पोलिसांनी केली'. ते वर्तमानपत्र मग शेजारचे पेन्शनर कारकून वाचायला नेत. आपल्या घरात असलं काही सापडायला नको म्हणून ते आधी खोडरबरानं समास साफ करत आणि मग वाचायला बसत. रोज बाई लिहीत आणि रोज ते पुसत. दोघांनी एकमेकांजवळ त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही.

शिकवायची त्यांची रीत मी पुढे कुठे पाहिली नाही. पाटी नाही, पुस्तक नाही. जमिनीवर भांडी मांडायची. ही भांडी वेगळी ठेवलेली असत, त्यांत स्वयंपाक करायचा नाही. बाई त्यांना वाक्याची भांडी म्हणत. पितळी गडू म्हणजे करणारा. वाटी म्हणजे ज्याच्यावर केलं तो. आणि वरवंटा म्हणजे क्रियापद.

"वरवंटाच का?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"उचलायला जड म्हणून. तो उचलल्याशिवाय काही वाटलं जातं का?"

मग त्या मांडून दाखवत. मराठीत गडू, मग वाटी, आणि वरवंटा पार शेवटी, दाराशी. "आपण मराठी माणसं सगळं सांगून होईपर्यंत काय केलं ते सांगत नाही," त्या म्हणत. "ऐकणारा बिचारा दारापर्यंत चालत येतो." मग वरवंटा उचलून गडूला खेटून ठेवत. "इंग्रजाला दम नसतो. कोण, आणि काय केलं, हे त्याला आधी लागतं. वाटी नंतर." आणि मराठीत गडू कधीकधी उचलून बाजूला ठेवला तरी चालतं, असं दाखवून त्या तो पदराखाली लपवत. "आलो, गेलो, जेवलो. चालतं. इंग्रजीत ही जागा रिकामी ठेवून दाखवा मला."

इंग्रजी वाक्यातले 'अ', 'द' असले बारके बारके शब्द म्हणजे शेंगदाणे. ते जिथे तिथे पेरायचे. हुसेनबीला वाक्य सांगायला उभं केलं की शेंगदाणे कमी भरायचे.

"इथला एक शब्द कुठे गेला?"

"खाल्ला बाई." आणि मग बाईंकडे बघून लगेच, "मी खाल्ला."

"शाबास," बाई म्हणत. खाल्ल्याबद्दल नव्हे, हे तिलाही ठाऊक होतं.

पावसाचं वाक्य आलं तेव्हा मात्र बाई अडल्या. इंग्रजीत पाऊस पडतो तेव्हा गडूच्या जागी 'इट' बसवतात. हे 'इट' कोण, असं हुसेनबीनं विचारलं. बाईंनी बराच वेळ गडू हातात फिरवला आणि म्हणाल्या, "त्या लोकांनाही कधीतरी लपवावंसं वाटतं. तेव्हा ते हे पुढे करतात. पाऊस तेवढा या गडूनं पाडा, बाकी काही करायला हा मिळणार नाही."

चहा आम्ही तिघी एकाच जातीच्या कपांतून प्यायचो, म्हणून बोळातल्या बायकांनी बाईंच्या घरचं पाणी सोडलं होतं. बाईंना त्याचं काही नव्हतं. मला मात्र व्हायचं. आपल्यामुळे या माणसाचं हळदीकुंकवाचं सोडा, साधं दारातलं बोलणंही तुटलं, असं वाटून मी बोळात शिरताना पदर पुढे ओढून घ्यायची. वाट्याला आलेल्या चांगल्या गोष्टीचीही लाज वाटणारी माणसं असतात, त्यांतली मी.

आणि माझ्या डाव्या हाताचीही मला लाज वाटे. कोपराच्या खाली तीन जाड वळ होते. लहान असताना मला कावीळ झाली. डोळे पिवळे, पोटात पाणी ठरेना. आईनं विळ्याचं टोक चुलीत तापवून हातावर डाग दिले. आमच्याकडे देतात. ज्या पोराला आई डाग देत नाही त्याच्यावर तिची माया नाही असं म्हणतात. मी वाढले तसे तेही ताणले गेले, रुंद झाले, आणि आता बघणाऱ्याला नुसतं भाजल्यासारखं दिसे.

दवाखान्यात अशी पोरं येत. पोटावर, पाठीवर ताजे डाग. नव्या डॉक्टरीणबाई ते पाहून भडकत. त्या पोरांच्या आयांना काय काय बोलत, ते हेडनर्स मराठीत सांगे आणि आपल्याकडचं घाले, "रानटी आहात तुम्ही. जनावर करत नाही असं." ती पोरं धरून मीच उभी असे, लांब बाहीच्या पोलक्यात. तेव्हा आईची लाज वाटे. आणि आईची लाज वाटते याची त्याहून जास्त.

एकदा बाईंकडे कप धुताना मी बाही वर सारली आणि बाईंनी हात पाहिला.

"हे काय?"

"भाजलं."

"कोणी?"

मी गप्प. हुसेनबी उगाच शेंगदाणे निवडायला लागली. बाई खाली बसल्या, वाटी ठेवली, तिच्याआधी वरवंटा ठेवला आणि त्याच्याही आधीची जागा मोकळी सोडली. मला म्हणाल्या, "भर." मी मान हलवली नाही. नळाच्या पाण्यात हात तसाच धरून उभी राहिले. खूप वेळानं बाई उठल्या आणि एकदम हलक्या आवाजात म्हणाल्या, "कळलं मला. नाव घ्यायचं नसतं ना? नको घेऊस."

मला वाटलं, सुटले. नाव कोणाचं घ्यायचं नसतं, हे माझ्या डोक्यात त्या वेळी आलंच नाही. बाईंच्या डोक्यात आलं. सगळ्याच बाया ज्याचं नाव घेत नाहीत असं माणूस एकच असतं. ही गप्प राहिली म्हणजे तोच, असं त्यांनी धरलं. दुसरी एखादी बाई असती तर तिनं दहा जणींना विचारलं असतं. बाईंनी कोणाला विचारलं नाही, मनात मात्र पक्कं केलं.

बाजरी काढायला आली तेव्हा नवरा नगरला आला. दुसरी बाळंत होणार होती, घरात हात नव्हते. दवाखान्याच्या ओट्यावर फेटा गुडघ्यावर ठेवून तो उकिडवा बसलेला मी लांबूनच ओळखला. नेमका त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी मला शिकवणीला घ्यायचं ठरवलं होतं. पण लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या होकाराशिवाय घेत नसत. तो न्यायला आला, म्हणजे विषय संपला. दवाखान्याच्या कारकुनानं आम्हा दोघांना डॉक्टरीणबाईंच्या खोलीत नेलं. मी आपली जमिनीकडे बघत, गाठोडं कधी बांधायचं याचा विचार करत उभी.

हुसेनबी मागच्या मागे पळत बाईंकडे गेली होती. बाई छत्री घेऊन आल्या, पण उन्हात ती उघडायची विसरलेल्या. घामानं कोट भिजलेला. आत आल्या त्या थेट डॉक्टरीणबाईंपुढे उभ्या राहून इंग्रजीत बोलायला लागल्या. माझ्या शिकण्याचं झालं, हुशारीचं झालं. मग छत्रीचं टोक नवऱ्याकडे करून एक वाक्य म्हणाल्या, अगदी त्यांनी शिकवलं तसं, गडू, वरवंटा, वाटी. धिस मॅन बर्न्ट हर.

डॉक्टरीणबाई उठल्या. माझी बाही त्यांनी स्वतः वर केली. त्यांचा चेहरा पाहिला आणि मला त्या ताज्या डागांच्या पोरांची आठवण झाली. त्यांनी कारकुनाला काहीतरी सांगितलं.

"काय म्हनत्यात?" नवऱ्यानं कारकुनाला विचारलं.

"बायकोला जाळलंस म्हणतात. फौजदाराला बोलवायला सांगतायत."

"मी?" तो म्हणाला. एवढंच. आणि माझ्याकडे बघितलं. सहा वर्षांच्या संसारात त्यानं माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

मला तेव्हा सगळं लख्ख दिसत होतं. गप्प राहिले तर माझी जागा पक्की. फौजदार याला नेईल, गोऱ्या डॉक्टरीणबाईंच्या शब्दापुढे याचं कोणी ऐकणार नाही. बोलले तर हा निर्दोष, आणि निर्दोष नवऱ्याच्या घरी न जायला माझ्याकडे काय कारण? शिवाय बोलायचं म्हणजे आईचं नाव सांगायचं, तिथे, त्या खोलीत. दारात हेडनर्स, आया, झाडूवाल्या, पेशंटची माणसं सगळी जमलेली. मराठीत माझ्या तोंडातून ते निघालं नसतं. म्हणून इंग्रजीत म्हणाले. तोडकं मोडकं, पण म्हणाले, की माझ्या नवऱ्यानं भाजलं नाही. माय मदर बर्न्ट मी.

बाईंनी छत्री खाली टेकवली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, का? मला कावीळ सांगता येईना, विळा सांगता येईना, आई रात्रभर माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती तेही सांगता येईना. आय वॉज सिक, म्हणाले आणि थांबले. त्यांना ते कळलं असावं. त्या खुर्चीत बसल्या. मग विचारलं, तुला काय हवंय? असं मला मराठीतही कोणी विचारलं नव्हतं. आय वॉन्ट टु स्टे, म्हणाले. तेवढं मात्र न अडखळता आलं.

कारकुनानं नवऱ्याला समजावलं, की तुझी बायको म्हणते तू भाजलं नाहीस, आणि म्हणते तिला इथंच राहायचंय. तुझा होकार आहे का? नवरा फेटा बांधायला लागला. बांधून झाल्यावर, माझ्याकडे न बघता बोलला, "मला फौजदाराच्या हाती दिलं असतंस तर कोन इचारनार हुतं तुला." मग कारकुनाला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या तिला. कुठं आंगठा लावायचा दावा."

तो फाटकापर्यंत गेला तोवर बाई त्याच्या मागे. मी व्हरांड्यातून बघत होते. भर उन्हात त्या म्हातारीनं त्याची वाट अडवली आणि हात जोडले.

"मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. मी. हिनं मला सांगितलं नव्हतं. मी आपल्या मनानं ठरवलं."

तो बिचारा इकडेतिकडे बघायला लागला. बाईमाणसानं, तेही मास्तरीणबाईनं, आपल्याला हात जोडलेत हे कोणी बघत तर नाही ना. "जाऊ द्या बाई," तो म्हणाला. "माझी मोटार चुकंल." बाई बाजूला झाल्या. तो गेल्यावरही त्या तिथेच उभ्या होत्या. छत्री होती हातात, मिटलेली.

मी शिकवणीला लागले. पण हेडनर्सला इंग्रजी येत होतं, त्यामुळे संध्याकाळच्या आत सगळ्या दवाखान्याला कळलं. हिच्या आईनं हिला जाळलं. नवीन मुली आल्या की त्यांना माझा हात दाखवायला सांगत, डाग देऊ नका हे शिकवायला. मी दाखवत असे. बाईंकडेही जात होते. भांडी मांडली जात, वाक्यं होत, पण बराच काळ बाईंनी कशाचंच 'कोणी' विचारलं नाही. एकदा दूध उतू गेलं तर नुसतं फडकं घेऊन पुसलं. हुसेनबी माझ्याकडे आणि मी तिच्याकडे बघत राहिलो. माझ्यामुळे एवढ्या ताठ माणसाला त्या उन्हात हात जोडावे लागले, हे मला आजही नीट गिळता येत नाही.

पुढच्या सालच्या उन्हाळ्यात आई आली. न कळवता. डोक्यावर गाठोडं, त्यात कुरडया आणि कारळ्याची चटणी. फाटकावर तिनं माझं नाव सांगितलं, तर तिथली बाई म्हणाली, "तिची आई? भाजणारी ती तूच का?" आई मला भेटली तेव्हा हसतच होती, पण ते हसू तिनं चेहऱ्यावर धरून ठेवलं होतं. "त्या बायला काय म्हनायचं हुतं गं?" तिनं विचारलं. तिला घेऊन तडक बाईंकडे गेले. दवाखान्यात कुठे बसवायचं तिला?

बाईंनी तिला पाटावर बसवलं. काविळीचं आणि डागांचं सगळं त्यांना मी आधीच सांगितलेलं होतं. चहा झाला. आई कप दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या हाय. पोरीनं माझं काय सांगितलंय तितं?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"लहानपणी तुम्ही हिला डाग दिलात, तेवढं इंग्रजीत सांगितलं."

"दिलं की," आई म्हणाली. "मीच दिलं. आमच्या धन्याला इळा धरवंना, हात कापाया लागला. मग मीच घेतला. ही वरडली न्हाई, बघा, वरडायचं बळच नव्हतं. मी वरडले." कप खाली ठेवून तिनं माझी बाही सारली आणि वळांवरून अंगठा फिरवला, घरी फिरवायची तसा. "जगली. तिच्याबरूबरची पाटलाची पोर गेली." मग जरा लाजून म्हणाली, "हिनं विंग्रजीत सांगितलं म्हनं. कसं सांगितलं, मला म्हनून दावा की."

हुसेनबी दाराशी उभी होती, तिनं ओढणी तोंडावर धरली. मला ते वाक्य पाठ होतं, साऱ्या दवाखान्याला पाठ होतं. खोटं वाक्य बाईंच्या तोंडून आजवर जाणूनबुजून कधी निघालं नव्हतं, आणि अजाणता निघालं तेव्हा त्यांनी उन्हात उभं राहून ते परत घेतलं होतं.

बाईंनी चष्म्याचा दोरा कानाला नीट गुंडाळला. मग एकेक शब्द सुटा करत, वर्गात म्हणत तसं म्हणाल्या, "हर मदर सेव्हड् हर."

मला तोवर एवढं इंग्रजी येत होतं. आई तेवढी राहिली होती जागेवर, पुढचं बाईंनी बदललं होतं. मी असं काही सांगितलं नव्हतं. मला तो शब्दच तेव्हा येत नव्हता.

"ग्वाड वाटतं ऐकाया," आई म्हणाली. "पुन्यांदा म्हना."

बाईंनी पुन्हा म्हटलं.